जमेल तसं या, पण या

“जमेल तसं या, पण या.” हे तिचं ठरलेलं वाक्य. विद्यार्थ्यांना ती ते इंग्रजीत सांगायची आणि मला मराठीत. सांगताना उजव्या हाताने हवेतच एखादं दार ढकलून उघडल्यासारखं करायची.

मला तिचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्या शब्दांतून थोडी वजावट करून घ्याल.

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या तांत्रिक विद्यापीठात मी बरीच वर्षं दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकच विषय शिकवत आलोय. तुळईवर भार टाकला की ती किती वाकते, कुठे मोडते, आणि मोडू नये म्हणून काय करायचं. ती माझ्याबरोबर शिकवायला आली तेव्हा नुकतीच पीएचडी संपवलेली, इचलकरंजीची, तात्पुरत्या करारावर. आमच्या विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. इथे प्राध्यापकालाही विद्यार्थी नावाने हाक मारतात, पण ती मला ‘सर’ म्हणायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग कोरोना आला, विद्यापीठ बंद झालं आणि एका आठवड्यात सगळं शिकवणं घरून सुरू करायचं ठरलं. मी चांगला मायक्रोफोन मागवला. पाठीमागे पुस्तकांचं कपाट येईल असं टेबल सरकवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझी व्याख्यानं पूर्ण लांबीची, दीड-दीड तासाची, रेकॉर्ड केली. बायको म्हणाली, बातम्या देणाऱ्यासारखा दिसतोस. मी ते कौतुक समजलो.

“सर, आवाज फार छान आलाय,” ती फोनवर म्हणाली. मग म्हणाली, “पण घरात एकट्याने दीड तास कोण बसेल?”

कोणी बसत नव्हतंच. विद्यार्थी कुठवर बघतात ते कॉम्प्युटरवर दिसायचं. बहुतेक जण माझी प्रस्तावना संपायच्या आत निघून गेलेले असायचे.

तिचे व्हिडिओ छोटे असायचे, आणि स्वयंपाकघरात काढलेले. एकदा तिने दोन स्ट्रूपवाफल घेतले. मध्ये पाक भरलेलं ते इथलं चपटं गोल बिस्किट असतं ना, ते. एक वाफाळत्या चहाच्या कपावर झाकण ठेवल्यासारखं ठेवलं, दुसरं फ्रिजमधून काढलं. थंड बिस्किट वाकवलं तर काडकन मोडलं. गरम नुसतं लवलं. तापमानाने पदार्थाचा स्वभाव कसा बदलतो, हे तिने एवढ्यात संपवलं. मागे कुकरची शिट्टी झाली तेव्हा ती वळून मराठीतच म्हणाली, “डाळ झाली,” आणि गॅस बंद करून पुढे शिकवू लागली. तो भाग कापायचं तिच्या मनातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात डच, ग्रीक, चिनी मुलांच्या गृहपाठाखाली शेवटच्या ओळीत लिहिलेलं असायचं, ‘डाळ झाली’. म्हणजे उत्तर पूर्ण झालं. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यातला एक शब्दही कोणी असा उचलला नव्हता.

घरातही तेच. एका दुपारी माझी मुलगी लॅपटॉपसमोर हसत बसली होती. ती शाळेत जाणारी, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत किंवा डचमध्ये. मला वाटलं मालिका बघतेय. बघितलं तर तो स्ट्रूपवाफलचा व्हिडिओ.

“शी इज गुड, बाबा.”

“आणि माझे?”

तिने जरा विचार केला. “तुझे लाँग आहेत.”

खरी ठिणगी पडली ती एका ग्रीक विद्यार्थिनीवरून. ती मुलगी घरी, ग्रीसच्या एका बेटावर परत गेली होती. वडील आजारी, त्यामुळे सकाळी घरची बेकरी तीच चालवायची. नेमक्या आमच्या तासाच्या वेळी. हजेरी नाही, चाचण्या नाहीत. विभागाच्या ऑनलाइन बैठकीत मी म्हणालो, वाईट वाटतं, पण वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. पुढच्या वर्षी करेल.

बैठक संपल्यावर तिचा फोन आला. “सर, आपल्याला तिला तुळई शिकवायचीय की वेळेवर हजर राहायला?”

“दोन्ही,” मी म्हणालो.

“मग आधी तुळई शिकवू.”

चार दिवसांत तिने सगळा कोर्स नव्याने मांडला. प्रत्येक धड्याला तीन वाटा. तासाला ऑनलाइन यायचं, किंवा रेकॉर्डिंग बघून लेखी प्रश्न पाठवायचा, किंवा नियम परवानगी देतील तेव्हा छोट्या गटाने विद्यापीठात जमायचं. वाट दर आठवड्याला बदलली तरी चालेल. एका मोठ्या परीक्षेऐवजी छोटी छोटी कामं, आपापल्या घरातली वस्तू घेऊन करायची. पण प्रत्येकाने प्रत्येक धड्याला एकदा तरी कुणाशी तरी बोललंच पाहिजे. तेवढं सक्तीचं.

विभागप्रमुख बाई खूश झाल्या. म्हणाल्या, या वर्षी हिच्या पद्धतीने करू. मी अभिनंदन केलं आणि कॅमेरा बंद केला. कोर्स माझा होता. मनातून वाटत होतं, हे चार आठवड्यांत कोसळेल. कोसळावं, असंही वाटत होतं.

कोसळलं नाही. त्या ग्रीक मुलीने बेकरीतून व्हिडिओ पाठवला. भट्टीतून पाव काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं, टोकाला एक पाव, मग दोन, मग पाच. दर वेळी दांडा किती वाकला ते तिने पट्टीने मोजलं होतं आणि गणिताशी ताडून पाहिलं होतं. मागे खुर्चीत बसलेले तिचे वडील हसत होते. एका टोकाला धरलेली तुळई मी फळ्यावर आयुष्यभर काढत आलो. ती बघून कोणी हसल्याचं मला आठवत नाही.

वसंतात आम्ही विद्यापीठाच्या तळ्याभोवती चालायला भेटलो, दीड मीटर अंतर ठेवून, मध्ये तिची सायकल. मी विचारलं, “हे सगळं तू कुठे शिकलीस?”

“कुठे नाही. मी लगेच कंटाळणारी मुलगी होते, सर. समोरचा कंटाळला की मला आधी कळतं.”

मला ते लागलं. मग तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती वाळली होती. मुलं आपापल्या सोयीने प्रश्न पाठवायची, आणि ही प्रत्येकाच्या सोयीने उत्तरं द्यायची. “सगळ्यांना जमेल तसं करता करता मलाच काही जमेनासं झालंय,” ती म्हणाली. “काल आईचा फोनही घेतला नाही.”

“अर्धे प्रश्न माझ्याकडे पाठव.”

तिने पाठवले. मुलं माझ्याशी नीट वागली. नेहमीचा हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, रजेवर असला की बदली डॉक्टरशी आपण वागतो, तशी.

पुढच्या वर्षी तिचा करार संपत होता. मी प्रमुख बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, शिकवणं उत्तम, पण संशोधनाचे लेख कमी पडतात. मी भांडलो. हिने लेख लिहायचे त्या महिन्यांत आपला कोर्स बुडण्यापासून वाचवला, असं जरा आवाज चढवूनच सांगितलं. हेवा तेव्हाही होताच, तो काही बाहेर ठेवून गेलो नव्हतो. उपयोग झाला नाही. ती गेली. आता इतर विभागांतले लोक मला येऊन विचारतात, तुमचा तो लवचीक कोर्स कसा बांधला? मी सांगतो, तो तिचा आहे. ते म्हणतात, हो का, आणि पुढचा प्रश्न मलाच विचारतात.

ती रॉटरडॅमला गेली. तिथे बंदरात नोकरी करणाऱ्यांसाठीच्या एका छोट्या कॉलेजात शिकवते. मागच्या वर्षी माझं त्या गावात काम निघालं, तर म्हणाली, वर्गालाच या.

मी मागच्या बाकावर बसलो. अर्धे लोक समोर, कामाची पाळी संपवून थेट आलेले, काहींच्या अंगावर अजून नारिंगी जाकिटं. उरलेले भिंतीवरच्या पडद्यावर. एकाच्या मागे जहाजाची गोल खिडकी दिसत होती. ती मोडक्यातोडक्या डचमध्ये शिकवत होती आणि चुकलं की तेच लोक तिला दुरुस्त करत होते.

माझ्या शेजारचा दांडगा, पांढऱ्या मिशांचा माणूस क्रेन चालवायचा. त्याने कागद माझ्याकडे सरकवला आणि आकृतीवर बोट ठेवलं. “हे कळलं का तुम्हाला?”

एका टोकाला धरलेली तुळई होती. दोन मिनिटांत समजावली असती.

“नाही,” मी म्हणालो. “तिलाच विचारा.”

त्याने हात वर केला. ती पडद्याकडून वळली आणि बाकांच्या मधून आमच्याकडे येऊ लागली.