तिरपी अक्षरं

कोहमाऱ्याला माझ्या ढाब्यासमोर तो ट्रकांवर नावं रंगवायचा. आम्ही त्याला नुसतं पेंटर म्हणायचो. त्याची इंग्रजी अक्षरं जाड, पुढे झुकलेली, आणि प्रत्येकाच्या पायाला चपटी पट्टी, बूट घातल्यासारखी. लिहिता लिहिता त्याची मानही तिरपी व्हायची, ती ब्रश ठेवला तरी तिरपीच. चहासुद्धा तशाच मानेनं प्यायचा. आम्ही हसायचो.

माझ्या भावाच्या ट्रकवर भावाचं नाव त्यानंच लिहिलं होतं. त्याच ट्रकच्या अपघातात भाऊ गेला. तेरवीला त्याच्या नावाची पाटी हवी होती.

"ट्रकवर होतं, सेम तसंच लिवा," मी पेंटरला सांगितलं.

त्यानं तीच जाड, बूट घातलेली अक्षरं काढली, पण सरळ उभी. माझं डोकंच फिरलं.

"तिरपं काऊन नाही लिवलं जी?"

"तिरपं अक्षर चालत्या गाडीचं राहते, भाऊ," तो ब्रश पुसत म्हणाला. "तो आता कुठं जाऊन राहिला?"

पाटी उचलताना मी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याची मान सरळ होती.