पांझरेतली खाट

खाटवाले साहेब हसले की पांझरेतले मासे उताणे पडतात, असं धुळ्याच्या देवपुरात म्हणत. मी त्यांना एकदाच हसताना पाहिलं. माझं गणित तपासताना.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मी पुलाच्या ठेकेदाराकडे इंजिनिअर होतो. खांब उभारायला नदीत मातीचा कच्चा बांध घालायचा, पाणी नळ्यांतून काढून द्यायचं, आणि त्याला परवानगी पाटबंधारे खात्यातल्या या साहेबांची. त्यांची अट अख्ख्या खानदेशात बदनाम होती: ज्याने पुराचं गणित मांडलं, त्याने बांधाखाली मजुरांच्या झोपड्यांशेजारी खाट टाकून राहायचं. खाट ऑफिसातून मिळे. नुकतंच लग्न झालेल्या एका इंजिनिअरला तर त्यांनी ती सासऱ्यांदेखत डोक्यावर दिली होती.

"किती नळ्या?"

"सहा, साहेब. भरपूर झाल्या."

"छान. खाट आजच नेणार?"

"साहेब... दुप्पट करतो!"

"बघा, भीतीने गाढवालाही गणित येतं!" हसले ते तेव्हाच.

सही झाली, माझी खाट टळली. खाली शेरा: पावसाळ्याआधी बांध काढावा. पण पावसाळा तोंडावर आला तरी ठेकेदार नानांचा एक खांब राहिला. मुदतवाढ मागितली, तर साहेब म्हणाले, "नदीला विचारा." नाना थेट मुंबई गाठून कागद घेऊन आले आणि साहेबांच्या नाकापुढे नाचवत म्हणाले, "वरून आली परवानगी!"

"पाणीही वरूनच येतं, नाना."

झोपडी हलवेल त्याचं काम सुटलं, असा नानांचा मजुरांना दम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतःच खाट डोक्यावर घेऊन झोपड्यांत येऊन बसले आणि त्यांनी तोंड सोडलं. "अक्का, चूल इथंच ठेव. उद्या मासे रांधतील तिच्यावर! पोरांना पोहायला शिकवलंस ना?"

"हाऊ माणूस येडा शे," म्हातारी अक्का म्हणाली, "पन बठ्ठं खरं बोलस." तिने चूल उचलली. तिच्यामागे सगळी वस्ती काठावर चढली; साहेब मात्र खाली खाटेवरच बसून राहिले.

दुपारी धुळ्यात टाळकं तापवणारं ऊन होतं. पाऊस वरच्या अंगाला, साक्रीकडे झाला होता. लोंढा आला आणि बांध पापडासारखा मोडला. "साहेब, पया!" काठावरून अक्का किंचाळली. साहेब पळाले, पण खाट डोक्यावर घेऊन. सरकारी होती, टाकून कशी देणार?

खाट पार तापीच्या संगमावर, मुडावदपर्यंत गेली म्हणतात. साहेबांचा देह त्याआधीच सापडला.

चौकशी झाली. एकही मजूर दगावला नव्हता, म्हणून नाना सुटले. ठपका एकच, तोही साहेबांवर ठेवला गेला: नदीपात्रात विनापरवाना खाट टाकली. खरंच होतं ते. बांधाला परवानगी होती. खाटेला नव्हती.