पाच जपानी पोरी आणि रामनगरचं भजनी मंडळ

आमच्या पेपरच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. खिडकी उघडी ठेवली की गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकांच्या धुळीबरोबर ते आपोआप आत येतात. झाडायला घेतलं की कळतं, केवढे साचले!

ऑफिस म्हणजे रामनगर बस स्टँडसमोर परशरामच्या मोबाईल दुकानावरची एक खोली. "खाली मी फोन उघडतो, वर तुमी तोंड उघडता," असं परशराम म्हणतो. त्याचं खोटं नाही. या तालुक्यात भांडायला इतकं काही आहे की मला शांत बसता येत नाही. पण यंदाचा सगळा ढीग साचला तो एका जपानी व्हिडिओ गेममुळे, आणि त्यात माझ्या भांडणाचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही.

*

बेळगावच्या डेस्कवरून फोन आला. डेस्क म्हणजे हल्ली एक पंचविशीतला मुलगा. तो मला 'सर' म्हणतो आणि माझ्या बातम्या कापतो.

"सर, युथ पानासाठी गेम रिव्ह्यू हवाय. जपानी रोल-प्लेइंग गेम आहे. पॉप गाणाऱ्या मुली राक्षसांशी लढतात. पाच गुण, पाच दोष, शेवटी स्टार."

"जोयड्याची बस बंद केल्याची बातमी पाठवली होती. तिचं काय झालं?"

"घेतली ना सर, ब्रीफमध्ये."

"किती ओळी?"

"सर... हेडिंग घेतलं."

माझं डोकं तडकलं. "अरे, गेमवर लिहायला मीच का सापडलो तुम्हाला?"

"सर, दोष काढायला तुमच्यासारखा माणूस नाही आपल्याकडे!"

हे कौतुक होतं की टोमणा, ते अजून ठरलेलं नाही. पण मी ताडकन म्हणालो, "लिहितो! पण खेळून लिहीन. न बघता लिहिणाऱ्यांतला मी नव्हे!" फोन ठेवला आणि मग आठवलं, घरचा टीव्हीसुद्धा मला बायको लावून देते.

*

गेम खेळायचं मशीन परशरामच्या दुकानात होतं. गोव्याकडच्या कुणा रिसॉर्टवाल्याने दुरुस्तीला टाकलेलं. परशरामने ते दुरुस्त केलं, पण मालक काही फिरकला नाही. आत हाच गेम भरलेला.

खेळणार कोण? माझी भाची वैशाली. दांडेलीला कॉलेजात जाते आणि मष्णू बुवांच्या भजनी मंडळात गाते. गाते म्हणजे मागे बसून टाळ वाजवत साथ देते. पोरीचा गळा असा की बुवांनी एक ओळ टाकली की उचलताना तीच ओळ उजळून येते. तिची एकच इच्छा होती: देवळातल्या संगीत भजन स्पर्धेत एकदा, एकच गजर, पुढे बसून म्हणायचा. बुवांचं उत्तर ठरलेलं. "पोरीनी मागनं साथ द्यायची. पुढं बुवाच!"

आता गेम असा. एका शहरातल्या माणसांचे आवाज राक्षसांनी पळवलेत. पाच मुली स्टेजवर गाऊन ते सोडवतात. समोरचं पब्लिक जितकं ओरडेल तितका त्यांच्यात जीव. एक मुलगी पुढे उभी राहते, ती 'सेंटर'. तिच्या गाण्याचा मार सगळ्यात जोरदार, पण दमही तिचाच लवकर संपतो. तो संपत आला की उजव्या अंगठ्याने त्रिकोणाचं बटण दाबायचं. मागची एक पुढे येते, आणि गाणं न तुटता त्याच ओळीवर तिच्या आवाजात पुढे जातं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कबूल करायला माझं काय जातं?

बोलणं सगळं जपानी, खाली इंग्रजी ओळी. वैशाली आम्हाला त्या मराठीत वाचून दाखवायची. पाचांत एक भित्री मुलगी होती, कायम मागच्या रांगेत. एकदा ती मान वर करून काहीतरी पुटपुटली. खाली जेमतेम तीन शब्द उमटले. वैशालीने वाचलं, "आता मला कोण अडवतंय ते बघूनच घेते, म्हणते ती."

परशराम म्हणाला, "एवढं सगळं लिवलंय तिथं?"

"न्हाई अण्णा. पण तोंड बघ की तिचं!"

*

गेमचा सगळ्यात मोठा दोष आम्हाला तिसऱ्या दिवशी कळला. खेळ जिथे आहे तिथे साठवून ठेवता येत नाही. मुली परत मेकअपच्या खोलीत पोचल्या तरच तो साठतो. जपानमध्ये हे चालत असेल. तिथे लाईट जात नसेल!

आमच्या उशाला सुप्याचं धरण. तिथली वीज कुठे कुठे जाते, देव जाणे. आमच्याकडे ती वाऱ्याची झुळूक आली तरी जाते. मुली तळघरात, समोर सगळ्यात दांडगा राक्षस, त्याचा जीव कणभर उरलेला, आणि फट्! अख्खी दुपार पाण्यात.

मी लाईट ऑफिसला फोन लावला. तिथल्या साहेबांशी माझी जुनी जुंपलेली.

"लाईट कधी येणार?" मी ओरडलो. "माझ्या पाच पोरी तळघरात अडकल्यात! समोर राक्षस उभा आहे!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग फोन कट.

थोड्या वेळाने जीप आली. लाईनमन शिडी, दोर आणि दोन बॅटऱ्या घेऊन उतरला. मागोमाग साहेब, घामाघूम. "कुठं हाय तळघर?"

परशरामने काळ्या पडलेल्या टीव्हीकडे बोट दाखवलं.

साहेबांनी टीव्हीकडे बघून कपाळावरचा घाम पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, आजवर तुमी माझ्यावर काय काय लिवलं, मी बोललो न्हाई. आता माझ्यावर उपकार करा. ह्यातलं एक अक्षर कुठं लिवू नका!"

*

आमच्या बैठकीत दांडेलीच्या जंगलातल्या कुळगी कॅम्पावरचा फॉरेस्ट गार्ड नागप्पाही असे. मूळचा कानडी, पण मराठी तोंडपाठ. रामनगरात काम निघालं की दुकानात डोकावायचा. एकदा त्यालाच खेळायला बसवलं.

गेमातलं जंगल बघून तो खूश! ही या गेमची दुसरी ताकद: झाडं खरी वाटतात, उजेड पानांतून खाली झिरपतो. नागप्पा नुसता फिरत राहिला. पण चार पावलं टाकली की राक्षस आडवा येतो, तीच ती मारामारी, तेच ते वळण, जणू अनमोड घाट कुणी संपूच देत नाही. ही गेमची दुसरी खोट.

तेवढ्यात एक राक्षस आला. भली मोठी पिवळी चोच, डोक्यावर शिंग, पसरलेले पंख.

नागप्पाने रिमोट खाली ठेवला.

"मार की!" परशराम ओरडला.

"अय्यो, धनेश पक्षी हाय तो!"

"राक्षस हाय रे! पोरी मरत्यात तिकडं!"

"मरू देत," नागप्पा ठामपणे म्हणाला. "ह्याला मारलं तर माझ्यावर मलाच केस घालावी लागेल!"

पाचही पोरी आडव्या झाल्या. नागप्पा उठून, टोपी घालून ड्युटीवर गेला.

*

मंडळाचा अॅम्प्लिफायर जळला म्हणून मष्णू बुवा दुकानात आले, आणि तिथेच अडकले.

आधी नुसते ऐकत होते. म्हणाले, "पोरींचा सूर खरा हाय. ताल मशीनचा हाय, पण सूर खरा." मग रिमोट मागितला. पेटीवर फिरणारी बोटं ती, बटणं चटकन आली. रोज दुपारी यायला लागले. पण एक गोष्ट काही करेनात. सेंटर बदलेनात! पुढची मुलगी धापा टाकते आहे, पब्लिक गप्प होत चाललंय, पडद्यावर त्रिकोण लुकलुकतो आहे, आणि बुवा त्याच पोरीला रेटताहेत. शेवटी ती कोसळायची आणि डाव जायचा.

"बुवा, त्रिकोण दाबा की!" परशराम विनवायचा.

"कशाला? पुढं बसला तो पुढं बसला. मदीच उठिवत्यात व्हय कोण?"

बुवांचा स्वतःचा गळा त्या दिवसांत धरला होता. बोलताना मध्येच आवाज चिरकायचा. खानापूरकडच्या मंडळाने गेल्या खेपेला ढाल नेलेली, तिचा सल होताच. स्पर्धा चार दिवसांवर आलेली. मला राहवेना. मी म्हणालो, "बुवा, तुमचा गळा बसलाय. एक गजर वैशालीला द्या. घरात तलवार असून लाकडानं लढताय तुम्ही! हा अन्याय आहे, आणि मी तो छापणार आहे!"

बुवांनी रिमोट शांतपणे ठेवला. "पत्रकार सांगतोय म्हणून तर मुळीच न्हाई!"

ते गेल्यावर वैशालीने मशीन बंद केलं आणि पाठ फिरवून बसली. मी दुकानात येरझाऱ्या घातल्या, वर गेलो, खाली आलो. शेवटी तीच म्हणाली, "मामा, तू लाईटसाठी भांड, बससाठी भांड. माझ्यासाठी भांडू नको. तू भांडलास की माझं अडतंय."

या तालुक्यात माझं तोंड आजवर कुणी बंद केलं नव्हतं. त्या दिवशी झालं.

*

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खानावळीच्या शांताक्का चहाचे कप न्यायला आल्या आणि उभ्या राहून बघू लागल्या. बुवाही परत येऊन बसलेले. मी मुकाट्याने कोपऱ्यात.

पडद्यावर मुली रडत होत्या. कुणी काय घालायचं, कुणी कुठे उभं राहायचं, कुणी कुणाशी बोलायचं नाही, सगळं मॅनेजर ठरवतो. मुलींचे कपडे तर असे, की त्या लढायला निघाल्यात की थंडीने आजारी पडायला, कळत नाही. हा या गेमचा तिसरा दोष, आणि मला सगळ्यात जास्त चीड आणणारा.

"हा मॅनेजर कुठाय?" शांताक्कांनी विचारलं.

"तो दिसत न्हाई अक्का," वैशाली म्हणाली. "जो खेळतो, तोच मॅनेजर."

"म्हणजे पोरी नाचणार, पडणार, रडणार, आणि ठरवणारा एकदा पण तोंड दाखवणार न्हाई?" शांताक्कांनी कप गोळा केले. जाता जाता बुवांकडे बघून म्हणाल्या, "आमच्यात निदान दिसतो तरी!"

*

रिव्ह्यू लिहिला. पहिल्यांदा फाडला, दुसऱ्यांदा फाडला. वैशालीचं बोलणं डोक्यात घोंघावत होतं. शेवटी पाच गुण लिहिले. पहिलाच होता सेंटर बदलण्याचा: 'पुढची दमली की मागची पुढे येते आणि गाणं तुटत नाही. पुढची यात हरत नाही, तिला श्वास मिळतो. या खेळाची ही सगळ्यात मोठी ताकद.' मग पाच दोष लिहिले. ते लिहिताना मात्र माझी लेखणी जी तापली, विचारू नका! मॅनेजरवर तर असा तुटून पडलो की तो असता तर जपान सोडून पळाला असता.

छापून आला. पाच गुण, चार स्टार, संपलं!

मी डेस्कला फोन लावला. "दोष कुठे गेले माझे?"

"सर, ऐनवेळी जाहिरात आली. आणि दोषांशिवायसुद्धा छान वाटतंय, सर!"

मी राजीनाम्याची भाषा केली. ती मी दर पावसाळ्यात करतो. खाली आलो तर बुवा दुकानाच्या बाकावर बसून तोच पेपर वाचत होते. ओठ हलवत, सावकाश. पान घडी करून खिशात घातलं आणि उठले.

"पत्रकार," ते म्हणाले, "जल्मात पयल्यांदा तुमी न भांडता लिवलासा."

*

स्पर्धेची संध्याकाळ. देवळाचं पटांगण भरलेलं. खानापूरकडचं मंडळ गाऊन गेलं होतं आणि चांगलं गाऊन गेलं होतं. आता आमचं मंडळ. पुढे पेटीवर मष्णू बुवा, शेजारी पखवाज, मागे टाळ घेऊन पोरी. वैशाली मागच्या रांगेत, मान खाली.

मी, परशराम आणि सुट्टी टाकून आलेला नागप्पा एका सतरंजीवर. शेजारी खानापूरकडचे एक म्हातारे बाबा, परीक्षकापेक्षा कडक चेहरा करून बसलेले.

देवाच्या रूपाचा अभंग निभावला. गजर सुरू झाला, लय चढली, आणि बुवांचा आवाज चिरला. त्यांनी तो दाबून पुढे नेला. पुन्हा चिरला. पटांगणात कुजबुज. मागच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. पब्लिक गप्प होत चाललं.

मी उठलो. परशरामने माझा शर्ट धरून खाली ओढलं. "बसा! तुमी बसा फकस्त!"

बुवांनी तिसऱ्यांदा ओळ घेतली. अर्ध्यावर आवाज संपला. नुसती हवा.

पेटीवरचा त्यांचा उजवा हात थांबला. भात्यावरचा डावा चालूच होता, पखवाज चालूच होता. बुवांनी मागे पाहिलं नाही. समोर देवाकडे बघत त्यांनी उजवा अंगठा पेटीच्या लाकडी काठावर ठेवला, आणि दाबला.

मागच्या रांगेतून, त्या अंगठ्याकडे बघत, वैशाली उठली. दोन पोरींच्या मधून पुढे आली, पेटीशेजारी गुडघे टेकून बसली, आणि तुटलेली ओळ जिथे तुटली होती तिथूनच उचलली.

पखवाजाची एक मात्राही चुकली नाही. पटांगण असं उसळलं की देवळामागच्या झाडावरचे कावळे उडाले. बुवा मागे रेलून श्वास घेत होते, आणि हळूच, साथीला, ओठ हलवत होते.

खानापूरकडच्या बाबांनी परशरामच्या गुडघ्यावर हात आपटला. "आरं, पर हे काय केलं काय बुवानं?"

परशरामने डोळे पुसले.

"त्रिकोण दाबला," तो म्हणाला.