सावित्रामावशीचा चाकवत

सोलापूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा, ताई, तू रडत होतीस आणि आई खिडकीचे गज धरून मला बजावत होती, "तितं कुनाच्या अध्यात-मध्यात पडू नगंस." इंग्लंडात सात वर्षं मी ते इमानेइतबारे पाळलं. शेजारीण 'हॅलो' म्हणायची, मी 'हॅलो' म्हणायची, संपलं.

मग इथल्या सामाईक बागेत एक प्लॉट मिळाला. आपण शेतकऱ्याच्या पोरी. महिन्यात वाफे, पाट, ओळीत मेथी, आणि तण औषधालाही नाही. लोक 'व्हेरी नीट' म्हणायचे आणि पुढं जायचे.

मागच्या वर्षी सावित्रामावशी आली. अक्कलकोटकडची, लेकाकडं राहायला आलेली. निम्मं मराठी, निम्मं कानडी, इंग्रजीत फक्त 'थँक्यू'. पहिल्याच आठवड्यात बाई सरळ म्हाताऱ्या जॉर्जच्या प्लॉटमध्ये शिरली आणि पदराचा ओटा करून त्यात काहीतरी खुडायला लागली. जॉर्ज तणतणत मला बोलवायला आला. बघते तर चाकवत! इथं तो तण, सगळे उपटून फेकतात. मीही फेकायची.

"अगं, रानातली भाजी हाय की," मावशी म्हणाली. "आपल्याकडं खुडताना इचारत्यात व्हय?"

नाहीच विचारत. मी जॉर्जला तसं सांगितलं, तर तो हसायला लागला. फुकटात खुरपणी झाली होती त्याची. दुसऱ्या दिवशी मावशीनं त्याला ताकातला चाकवत खिलवला, आणि तिथून सगळी बाग तिची झाली. पोलंडची बाई तिला मिठ्या मारते, सोमालियाची चहा पाजते. आणि फाडफाड इंग्रजी बोलणारी मी मेथीला पाणी घालते. जळफळाट झाला गं माझा! एकदा तोंडावर विचारलंच, "माझ्याकडं का फिरकत नाही हो?"

"तुज्यात खुडायला काय ठिवलंयस, पोरी?"

घरी येऊन ढसाढसा रडले. यंदा मेथीत उगवलेला चाकवत उपटलाच नाही. रोज जाऊन बघायची, कुणी खुडलाय का. परवा सकाळी गेले तर मावशी माझ्या वाफ्यात वाकलेली, ओटा भरत आलेला. मान वर न करताच म्हणाली, "आलीस व्हय?"

ताई, सोलापूरला तुझ्याकडं आले की तू मला खुर्ची देतेस, पाणी आणतेस, पाहुण्यासारखं. वाईट वाटतं, पण बोलत नाही. इथं मात्र एक बाई न विचारता माझ्या वाफ्यात शिरली. आता घर कुठलं म्हणशील, तर मी हे सहा वाफे दाखवीन. तरी खोटं कशाला सांगू? भरला ओटा घेऊन ती पुढं जॉर्जकडं वळली, तेव्हा माझ्या पोटात दुखलंच.