दोन नायगावं

आमच्या वर्तमानपत्राचं कार्यालय परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत हललं, त्याच वर्षी कंपनीने माणसं घडवण्याची पद्धत बदलली. पूर्वी नव्या उपसंपादकाला सहा महिने शहरात फिरवत. आज भोईवाड्याचं कोर्ट, उद्या घोडपदेवच्या चाळी. संध्याकाळी वृत्तसंपादक विचारायचे, "आज कुठे चुकलास?" कुठेच नाही म्हणणाऱ्याला ते कामचुकार समजत. एचआरच्या साहेबांनी हे सहा महिने वाया जाणारे ठरवले आणि संगणकावर चित्रफिती आणल्या. वेळेचं नियोजन. हसतमुख संवाद. प्रत्येकीच्या शेवटी पाच प्रश्न; उत्तर चुकलं तर बरोबर येईपर्यंत बटण दाबत राहायची सोय.

लातूरकडची एक मुलगी तेव्हा माझ्या हाताखाली लागली. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. भाषा स्वच्छ, मुंबई मात्र स्टेशन ते ऑफिस एवढीच ठाऊक. तिला रोज तासभर बाहेर पाठवा, असं मी दोनदा लेखी दिलं. साहेब म्हणाले, "तासाभरात ती चार बातम्या लावते. फिरून काय लावणार?" तिने सगळ्या चित्रफिती पाहिल्या. तिला सोनेरी कडेचं प्रमाणपत्र मिळालं.

पाचव्या महिन्यात, मी रजेवर असताना, नायगावला दोन दिवसांनी पाणी बंद राहणार असल्याची बातमी आली. तिने नकाशात नायगाव शोधलं, वसईचं सापडलं, आणि बातमी वसईच्या पानावर गेली. दादरजवळही एक नायगाव आहे, हे तिला माहीत नव्हतं. तिथल्या चाळींत कोणी पाणी भरून ठेवलं नाही.

पाणी बंद झालं त्या सकाळी मी रजेवरून परतलो आणि पहिला फोन मीच उचलला. एक म्हातारी होती. "ओ पेपरवाले, आमचं नायगाव उचलून वसईला नेलंत. आता हंडे घेऊन तिकडे जाऊ काय?"

बैठकीत साहेबांनी कागद पुढे केला. "रेकॉर्डनुसार तिचं प्रशिक्षण पूर्ण आहे. म्हणजे दोष तिचा." चित्रफिती कशासाठी होत्या, ते मला तेव्हा कळलं. तिला पंधरा दिवसांची नोटीस मिळाली.

ते पंधरा दिवस मी तिला जेवणाच्या सुट्टीत बाहेर नेत राहिलो. पहिल्या दिवशी नायगावला. बीडीडी चाळीच्या जिन्यात तिने एका बाईंना स्वतःच सांगितलं, "ती चूक माझी होती."

"तूच काय ती?" बाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. "बस. पाणी पी. आज आलंय."

दुसऱ्या एका वर्तमानपत्राने तिला घेतलं. तिथे आठवड्यातला एक दिवस फक्त फिरण्यासाठी देत. वर्षभराने नायगावच्या चाळींच्या पुनर्विकासात नव्या घरांच्या यादीतून गळलेल्या कुटुंबांची बातमी तिने दिली. चाळीतल्या बायकांनी कागद तिच्याकडे आणून दिले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना त्या बातमीमागे धावावं लागलं, आम्हालाही.

सकाळच्या बैठकीत साहेब तो अंक घेऊन आले. "अशी माणसं आपल्याला का मिळत नाहीत?"

"मिळाली होती," मी म्हटलं. "पाच महिने माझ्या शेजारी बसत होती."

बातमीवर तिचं नाव छापलेलं होतं. साहेबांनी ते पुन्हा वाचलं. त्यांना आठवेना.