तुळसाबाई पुढच्या सीटवर

आमच्या महाल वस्तीतली निम्मी माणसं तुळसाबाईच्या हातून जगात आली. पण या सुईणीला घरात घ्यायचे ते मागच्या दारानं. बाळंतपण उरकलं की तिला शिवलेल्या बायका डोक्यावरून पाणी घ्यायच्या आणि तिला द्यायचं लुगडं ओसरीवरून खाली टाकायच्या. गरज सरो, वैद्य मरो! मला संताप यायचा. ती मात्र पान चघळत हसायची.

सत्तर सालच्या सुमारास शेजारच्या मनोहररावांना नातू झाला, तोही तिच्याच हातून. त्यांच्याकडे लाल, बिनटपाची, दोन सीटांची जुनी रेसची मोटार होती. मँगनीज खाणीतला गोरा साहेब मायदेशी जाताना विकून गेलेला. मनोहरराव तिला तळहाताच्या फोडासारखं जपत. बायकोलाही कधी बसवलं नाही, म्हणे सीटचं चामडं खराब होतं!

बारशाला ऐटीत म्हणाले, "तुळसाबाई, माग, काय पाहिजे?"

"लुगडं नको. त्या लाल गाडीत फिरव मले."

सगळे हसले. मनोहरराव गडबडले. "अवं, मोठी मोटार देतो ना. ड्रायव्हर नेईन, मागं आरामात बस."

"टांग्यात, दमणीत, जलमभर मागंच बसली मी. ह्या गाडीले मागची सीटच नाही, म्हणून हीच पाहिजे. तुले मी जगात आणलं गा, तू मले बर्डीच्या बाजारात नाही नेत?"

स्वतःच 'माग' म्हणून बसले होते. त्यांनी दार उघडलं. तुळसाबाईनं देवळात शिरावं तशा चपला रस्त्यावरच काढल्या आणि ती आत बसली. चपला मागे राहिल्या, हे तिला बर्डीवर पोचल्यावर कळलं.

वाटेत ती प्रत्येकाला हाका मारत होती. "बळीराम, पाह्य गा! पायाळू आला होता तू, आता कसा सरळ उभा हायेस!" मनोहरराव आधी लाजेनं लाल झाले. चिटणीस पार्क येईपर्यंत मात्र स्वतःच भोंगा वाजवू लागले.

परतले तेव्हा त्यांची म्हातारी आई ओसरीवर उभीच होती. "मनोहर, न्हाणीत पाणी काढलं हाये. अंग धुऊनच आत ये."

तुळसाबाईचं हसू पहिल्यांदाच मावळलेलं मी पाहिलं.

"माय, माही पहिली आंघोळ हिनंच घातली," मनोहरराव म्हणाले. "तवा काहून नाही म्हटलं?"

आणि तुळसाबाईचा हात धरून ते तिला सरळ पाळण्यापाशी घेऊन गेले.