अक्काच्या फ्रिजमधल्या अळ्या

माझी अक्का माशीच्या अळ्या पाळायची.

फ्रिजमध्ये. कोथिंबिरीच्या खालच्या कप्प्यात, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. धारवाडला तीस वर्षं तिनं विज्ञान शिकवलं, त्याबद्दल सगळे चांगलं बोलतात. अळ्यांचं कुणी सांगत नाही. म्हणून लिहितोय.

आमचे भावोजी तारिहाळला एका कारखान्यात फोरमन होते. रविवार आला की गळ घेऊन अळणावरकडच्या तळ्यावर जायचे. रिटायर झाले आणि दोन महिन्यांत स्ट्रोक आला.

उजवा हात गेला. बोलता येत होतं, पण बोलायचे नाहीत. काही विचारलं की "हं". फिजिओथेरपीवाला हात हलवायचा आणि हे भिंतीकडं बघत बसायचे.

आठ महिने असेच गेले.

एक दिवस अक्का म्हणाली, "अहो, तळ्यावर जाऊन येऊ या?"

"गांडूळ गळाला लावायला दोन हात लागतात."

एवढंच बोलले. पण अक्काला तेवढं पुरलं. गांडूळ बुळबुळीत, निसटणारं, एका हातानं जमत नाही. मग एका हातानं जमेल असं काय आहे?

फोनवर शोधत बसली. बाहेरच्या देशात लोक माशीच्या अळ्या लावून मासे धरतात, असं तिला सापडलं. अळी लहान. कोंड्यात घोळवली की कोरडी होते, चिमटीत धरता येते.

दुसऱ्या दिवशी बाजारातनं माशांची डोकी आणून परसात बादलीत ठेवली, माश्यांनी त्यावर अंडी घालावीत म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात मला हुबळीला शेजारणीचा फोन. "वकीलसाहेब, तुमच्या अक्कांकडं जरा येऊन बघा. एन वासनी री इदु! काय हा वास! दारं-खिडक्या लावून बसलोय आम्ही."

मी गेलो तो रागावायचं ठरवूनच.

अक्का स्वयंपाकघरात टेबलाशी, हातात भिंग. समोर ताटलीत कोंडा आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या.

"आधीची बॅच गेली रे," ती म्हणाली. "डबा बाहेर राहिला. सगळ्यांचे कोष झाले. मग घरभर माश्या."

"अक्का, लोक काय म्हणतायत..."

"अंडी, अळी, कोष, माशी. तीस वर्षं फळ्यावर काढलं. पण उन्हाळ्यात कोष किती दिवसांत फुटतो, हे मला आत्ता कळलं. गारव्यात ठेवलं की तो होतच नाही लवकर. ये, बघ."

मी बघितलं. खरं सांगतो, राग तिथंच राहिला.

"हे दोन काळे ठिपके डोळ्यांसारखे दिसतात ना? डोळे नव्हेत ते. श्वास घ्यायची भोकं. तीही मागच्या बाजूला. तोंड इकडं, टोकदार बाजूला."

"मग गळ कुठल्या बाजूनं घालायचा?"

हे मी विचारलं नव्हतं.

भावोजी दारातल्या खुर्चीत बसले होते. आठ-नऊ महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं.

अक्कानं मागं वळूनही बघितलं नाही. रोजचंच असल्यासारखी म्हणाली, "जाड बाजूनं, असं वाचलंय. कातडीतनं नुसता ओवायचा. म्हणजे ती मरत नाही, पाण्यात हलत राहते. खरं-खोटं मला ठाऊक नाही. तुम्ही करून बघा."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

तिनं गळ कपड्याच्या चिमट्यात धरून टेबलाच्या कडेला बसवला. भावोजींनी डाव्या हातानं अळी उचलली. पहिली फुटली. दुसरी पडली. तिसरीही फुटली. मी मदतीला हात पुढं केला, तर अक्कानं माझं मनगट धरलं.

पाऊण तास लागला.

एक अळी नीट बसली. ती गळावर वळवळताना भावोजी बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "नडी, होगूण." चल, जाऊ या.

गाडी मीच चालवली. दुपारी एकपर्यंत बसलो, तेव्हा एक जिलेबी मासा लागला, तळहाताएवढा. घरी आणून अक्कानं त्याचं पोट उघडून बघितलं. त्यानं आणखी काय काय खाल्लंय ते तिला बघायचं होतं.

शेजारणीची माफी मागितली. बादली एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतात गेली.

हात काही सुधारला नाही. पण पुढची चार वर्षं दोघं वाद घालत होते. कोंडा चांगला की लाकडाचा भुसा, यावर एकदा दोन दिवस अबोला होता.

मग अक्काला कॅन्सर निघाला. तीन महिने, बस्स. हॉस्पिटलमध्ये ती त्यांना म्हणाली, "माझ्यापाशी बसून काय करता? रविवार आहे." ते गेले नाहीत.

आता अळ्या तेच सांभाळतात, एका हातानं. रविवारी मी त्यांना तळ्यावर नेतो.

गेल्या रविवारी त्यांनी कोषांचा डबाच पाण्यात रिकामा केला. म्हणाले, "बघ. तांबूस आहेत ते बुडतात. जास्त दिवसांचे काळपट झालेले तरंगतात. आत हवा भरत असणार." रिकामा डबा खाली ठेवून म्हणाले, "हे तिला माहीत नव्हतं."

अक्का, तेवढं तुला कळवायचं होतं.

सुखात राहा. नमस्कार.